वरचा चौकोन

जालन्याला, तहसीलच्या व्हरांड्यात
माझ्या पुढं अठ्ठावीस माणसं.
प्रत्येकाच्या हातात कुणाचा ना कुणाचा मेलेला आजा,
प्लास्टिकच्या पिशवीत, झेरॉक्स काढलेला.
पायरीवर मोडी वाचणारा एक म्हातारा,
ओळीला वीस रुपये घेतो.
कुणाचा पणजा निघाला की
पेढेसुद्धा येतात.

मला नुसता वारस लावायचाय.
दहा गुंठे, विहिरीचा चौथा हिस्सा,
हनोख लाजरस अवचिते, मयत.
कारकून म्हणतो, बाई, वंशावळ भरा.
वरपासून.

वरपासून.
नाताळाआधीच्या रविवारी तो अध्याय
कुणी मागून घ्यायचं नाही.
नुसती नावं, पिढ्यांमागून पिढ्या.
शल्तीएलापाशी तरण्या पोरांची जीभ अडखळायची,
मागच्या बाकांवर हसू फुटायचं.
मग पाळकसाहेब बापाला उठवायचे.
बाप देवळाची घंटा वाजवणारा, चौथी पास,
चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली.
तो वाचायचा पेरणीच्या चालीनं,
चाड्यावर मूठ धरून दाणे सोडावेत तसा,
याला तो झाला, त्याला तो झाला,
झाला, झाला, झाला,
आणि मी आईच्या मांडीवर झोपून जायचे.

एकदा विचारलं, आपली अशी यादी हाय का?
म्हणाला, पाटलाची असंल.
त्यांच्याकडं भाट येतो, वही घेऊन.
आपल्या दारावरून तो
पाणी न मागता पुढं जातो.

आपली सुरुवात मिशनच्या रजिस्टरात.
तपकिरी पडलेल्या शाईची एक ओळ:
मुलगा, वय अंदाजे चार,
कुंडलिकेच्या पात्रात सापडला.
बाप ठाऊक नाही. आई ठाऊक नाही.
नाव ठेवले मोशे.

पाण्यातून काढला तो मोशे.
आणि हा?
त्या दुष्काळात नदीत
चूळ भरायला पाणी नव्हतं.
लिहिणाऱ्याला हसू आलं असेल का,
की हात थरथरला?
शेवटच्या अक्षराची मात्रा
पार वरच्या ओळीत घुसलीय.
आडनाव पुढं शाळेत कुणी लावलं:
अवचित घावला, तो अवचिते.

त्याची बायको रूथ. कंसात, पूर्वीची धुरपदा.
कंसातली धुरपदा मरेपर्यंत
लोकांच्या रानात सरवा वेचत राहिली,
तुरीचा, भुईमुगाचा, गव्हाच्या ओंब्यांचा.
म्हणायची,
पाणी शिंपडायच्या आधीपासून म्या रूथच हाय.

बाप वाचताना कुठं थांबतो
ते मला उशिरा कळलं.
तामार, राहाब, रूथ, उरीयाची बायको,
त्यांच्यापाशी तो जरा हळू व्हायचा,
चिखलात बैल हळू होतात तसा.
थांबायचा योसेफापाशी.
तिथं 'झाला' येत नाही.
इतक्या राजांचं रगत
सुताराच्या दारापर्यंत वाहत आणलं, बाप म्हणायचा,
आन् पोराला एक थेंब लागला न्हाई.
मंग काहून दिली एवढी यादी?
चष्मा सदऱ्याला पुसत,
दोरा सुटणार नाही असं बेतानं,
म्हणाला,
नाव कुणीतरी ठेवावं लागतं, बाई.
त्यानं ठेवलं.

रांग सरकते. पंख्याला एक पातं कमी.
कारकून मोशेच्या वरच्या चौकोनावर
बोट ठेवतो.
हा कोरा का?

दुसऱ्या शुभवर्तमानात यादी उलटी चढते,
मुलाकडून बापाकडं, बापाकडून त्याच्या बापाकडं,
आदामापर्यंत,
आणि आदामाच्या वरचीसुद्धा जागा
तिथं रिकामी सोडलेली नाही.
पण ते इथं लिहिलं
तर पुरावा मागतील.

मागून कुणी ओरडतं, आवरा बाई,
दोनला खिडकी बंद.
मी पेन धरून उभी.
कारकून माझ्याकडं न बघता म्हणतो,
रेघ मारा. चालतं.

मी रेघ मारते.
ती जरा लांबते,
चौकोनाच्या बाहेर, वरच्या कोऱ्या कागदावर.
तो शिक्का मारतो.