नाकीडोळी बंदर

दुपारी एकला दिवाळ्याच्या धक्क्यावर पोचले
तेव्हा होडी धक्क्याच्या कडेला बरोबर लागलेली.
चपला वर काढल्या, एक पाऊल टाकलं,
बसले चांगुनामावशीसमोर जाळ्याच्या ढिगावर.
ती भोकं सांधत होती. मी मोबाइल पुढे केला.

हे बघ, ते बंदर. ग्रीसचं बेट.
नाव अजून मलाही नीट घेता येत नाही.
दोन वर्षं रजा साठवली, बोनस मोडला,
तेव्हा कुठे सात दिवस.
पांढरी घरं, पिकल्या लिंबाच्या रंगाची दारं,
तारेवर उलटे वाळत घातलेले ऑक्टोपस.
"आमचे बोंबील बरे, त्यांना इतके हात नसतान,"
ती म्हणाली, आणि मनगटाने फोटो सरकवला.

स्टेलिओसच्या हॉटेलातलं टेबल पाण्यापासून वीतभर.
कॉफी पिता पिता अंगठा बुडवता यायचा.
"आनि भरतीला? टेबल उचलाचं?"
नाही गं.
"मंग ओहोटीला पानी कवरं खाली जातं?"

मी फोटो चाळले. सकाळचा. उन्हाचा.
रात्री दिवे लागल्यावरचा, ज्यात मी हसतेय.
पायरीच्या दगडावर शेवाळाची एक रेघ,
आणि प्रत्येक फोटोत पाणी
तिच्याशीच येऊन थांबलेलं.
सात दिवस तिथे राहून मला हे दिसलं नव्हतं.

मावशीने सुई खाली ठेवली.
"जातच नाय?"
जणू मी सांगितलं होतं
की त्या गावात कुणी म्हातारं होत नाही.

"मंग बायका कंच्या येलला उठतान?
चिखल उघरा परत नाय, तं निवट्या कुठशी काढतान?
चिंबोरी कंच्या बिलान ऱ्हाते?
आनि घोवाशी भांडून बाय भायेर परली
तं पानी येईतो बसाची कुठं?"

यातलं काहीच मी स्टेलिओसला विचारलं नाही.
वायफायचा पासवर्ड विचारला होता.

पलीकडच्या विमानतळावरून एक विमान उठलं,
आमच्या डोक्यावरून गेलं. तिने मान वर केली नाही.
खाडीचा वास बदलत होता.
खारफुटीच्या मुळांशी काळं काहीतरी चमकलं, उडी मारून गेलं.
मोबाइल तिने परत दिला, पदराला पुसून,
मुलगी बघून आलेल्या माणसासारखं म्हणाली,
"नाकीडोली बरं हाय तुजं बंदर.
पन एका जागी कवरं बसेल ते पानी?
पाय नाय आखरत त्याचं?"

साडेचारला निघायला उठले
तर धक्का भिंत होऊन उभा होता,
ओला, कालवं चिकटलेला,
आणि माझ्या चपला डोक्याच्याही वर.
बसल्या बसल्या आम्ही इतक्या खाली आलो होतो.
दोरीला मात्र ढील होती,
ती तिने सकाळीच सोडून ठेवलेली.

दोन्ही हात गुंफून तिने पायरी केली.
"चर. नायतं ऱ्हा बसून निजानीशी,
रातच्या दीडला पानी आनून सोरील तुला चपलांपाशी."