टाका

हॅलिफॅक्सला नोव्हेंबरात चार वाजताच दिवस मिटतो,
म्हणून उजेड विकत आणला :
गोल, पांढरा, तीन पायांचा, एकोणीस पौंडांचा.
त्याच्या मधोमध फोन, फोनसमोर माझे हात.
नुसते हात. चेहरा नको, हे मीच ठरवलेलं.

सुरुवात एका मोज्यापासून झाली.
निशिकांतचा करडा मोजा, टाचेला भोक.
मी रफू करत बसले होते,
लेकीनं गंमत म्हणून टिपलं,
आणि सकाळी उठून बघते तर
अकरा हजार अनोळखी माणसांना
त्या टाचेची काळजी लागलेली.

नाव काय द्यायचं? लहानसं दे, ती म्हणाली.
मी म्हटलं, टाका.
इथल्या कुणाला उच्चारता येत नाही, बरंच आहे.
आपल्याकडचे मात्र खाली लिहितात,
ताई, नवीन काहीतरी टाका ना.
आणि आई फोनवर म्हणते,
एवढं विरलंय तर टाका की आता, नवं घ्या.
एकच शब्द.
सुईतून ओवला तर एक, कचऱ्याशी दुसरा.

कौन्सिलातली पगारपत्रकं सोडली त्या दिवशी
आईनं एवढंच विचारलं,
भोकं बुजवायचे पैसे कोण देतं गं?
देतात. लोकरवाले देतात, सुयावाले देतात,
एक साबणवाला देतो, तो का ते मलाही कळलेलं नाही.
सगळ्यांना आधी गोष्ट हवी असते. तुमची गोष्ट. चाळीस शब्दांत.

मग मी इचलकरंजीच्या नूरुद्दीनचाचांना
चाळीस शब्दांत बसवलं.
त्यात त्यांना पांढरी दाढी आली.
खरे चाचा रोज तुळतुळीत दाढी करायचे,
आणि शर्ट उजेडाकडे धरून गिऱ्हाइकाला म्हणायचे,
दाखवा भोक कुठंय. सापडलं तर पैसे परत.

मी निळ्या लोकरीवर लाल धागा घालते.
न दिसणारं काम फोनवर दिसत नाही.

गुरुवारी व्हिडिओ जायलाच हवा.
मार्चपर्यंत घरातली भोकं संपली.
शेजारपाजारची संपली. निशिकांत हल्ली
मोजे जपून घालतो, चिडून की काय, विचारलं नाही.
मग एका बुधवारी रात्री
मी चांगला, धड, हिरवा स्वेटर मांडीवर घेतला
आणि कात्रीनं
कोपराला भोक पाडलं.
अगदी सुबक. कसरीनं खाल्ल्यासारखं.
त्याला सगळ्यात जास्त बदाम आले.

खालच्या मजल्यावरचे ॲक्रॉइड आजोबा
जिना चढून आले, प्लॅस्टिकच्या पिशवीत कार्डिगन घेऊन.
बायकोचं. रंग पिकल्या जांभळाचा.
म्हणाले, तुझं ते लाल-बिल नको, पोरी.
आणि हे इथं खिशापाशी तिनं स्वतः शिवलंय,
वाईट शिवलंय, ते तसंच राहू दे.

आतल्या शिवणीतून चार धागे उसवून घेतले,
त्याच लोकरीचे, तिच्याच वयाचे.
उभे घातले. आडवे विणले. एक वर, एक खाली.
मध्येच मान अवघडली, चहा गार झाला,
भलताच गुरुवार होता.

त्यांनी ते खिडकीशी धरलं.
बाहेर गिरणीच्या धुराड्यामागं जेमतेम ऊन.
बराच वेळ शोधलं, सापडलं नाही.
मग अंगठा सरकत खिशापाशी गेला, थांबला.
पैशांचं ना ते बोलले, ना मी.

रात्री दिवा आवरताना कळलं,
सवयीनं फोन चालूच राहिलेला.
दोन तास नऊ मिनिटं.
लाल धागा नाही, संगीत नाही, जवळजवळ काहीच दिसत नाही,
फक्त शेवटी, धागा दातानं तोडायला
मी पुढं वाकते
आणि माझा सगळा चेहरा उजेडात येतो.

पुसला नाहीये अजून.
खाली रोज कुणी ना कुणी लिहितंय,
ताई, बरेच दिवस झाले,
टाका ना.