व्हाया

मुजीबच्या दुकानात, स्टेशन रोडला,
तीन कागद निघाले प्रिंटरमधून, कोमट.
दिब्रुगडला जायचं इंदुमतीला, ज्योत्स्नाकडे,
एकटीला. नांदेडहून थेट काही नाही.
"काका, मधलं विमानतळ तुम्ही ठरवा.
हैदराबाद, दिल्ली, नाहीतर कोलकाता.
पैसे उन्नीस-बीसच."

मला आयुष्यात एकच मधलं माहीत: पूर्णा.
हिंगोलीला आत्याकडे जाताना
या फलाटावरून त्या फलाटावर,
वडिलांच्या हातात ट्रंक, माझ्या हातात फिरकीचा तांब्या.
आमची गाडी लेट असली
तर पलीकडची उभी राहायची वाफ सोडत,
आणि गार्ड हिरवी झेंडी काखेत धरून
पुलावरून उतरणारी माणसं मोजायचा.

विमान थांबत नाही म्हणे.
मुजीब म्हणाला, तीनदा नाव पुकारतात,
चौथ्यांदा पुकारत नाहीत.

घरी येऊन वही काढली.
पस्तीस वर्षं कृषी विद्यापीठात कापसाची बोंडं मोजली,
मोजल्याशिवाय माझं काही ठरत नाही.
डावा गुडघा: पावसाळी हवेत दुखतो.
हिंदी: समजते, बोलताना मराठीकडं वळते.
इंग्रजी: 'एक्झिट' आणि 'लेडीज'.
सरकता जिना: एकदाच, औरंगाबादेत, माझा दंड धरून.
उतरताना साधा जिना शोधला.

मग तिला नेलं स्टेशनावर,
सकाळची गाडी निघून गेल्यावर.
फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालवलं,
खांद्याच्या पिशवीत पाच किलो ज्वारी,
मागं मी घड्याळ घेऊन.
"काय मोजायलाव?"
"तुझा वेग."
"चाळीस वर्षं झाली लग्नाला, आज मोजायलाव?"
नऊ मिनिटं. मध्ये एकदा थांबली,
हमालाला त्याच्या पोरीच्या बारावीचं विचारायला.
तो थांबा मी वजा केला नाही.

रात्री तक्ता पुरा झाला.
हैदराबाद: मध्ये पन्नास मिनिटं. पळावं लागेल. फुली.
दिल्ली: अडीच तास. टर्मिनल बदलायचं, बसनं,
म्हणजे प्रवासाच्या पोटात अजून एक प्रवास.
फुली नाही, प्रश्नचिन्ह.
कोलकाता: सहा तास. मी हसलो.
सहा तासांत माणूस औरंगाबादेला पोचून, जेवून, झोपतोसुद्धा.
प्रश्नचिन्ह खोडून दिल्लीला गोल केला.
"जगात जर्मनी, भारतात परभणी," मी म्हणालो,
"आणि परभणीत हा तक्ता."

ती ताटं पुसत होती. वाकून कागद बघितला.
चष्मा नव्हता, तरी बोट बरोबर शेवटच्या ओळीवर.
"हे."
"कामून? सहा तास आहेत मध्ये!"
"खुर्ची असंल ना तिथं?"
"असतात."
"मग बसते की."
"करशील काय?"
"काही नाही."
हे तिनं असं सांगितलं
जसं कुणी आपल्या गावाचं नाव सांगतं.

मी बोलणार होतो पूर्णेचं, झेंडीचं,
थांबून राहणाऱ्या गाडीचं.
तोंडून निघालं भलतंच, सवयीनं,
"अर्धा कप ठेवतेस का?"
लगेच म्हणालो, राहू दे.
तोवर गॅस पेटला होता.

बुधवारी, तिसऱ्या तासाला, राहवेना म्हणून फोन लावला.
"बसलेय," म्हणाली.
"काही खाल्लंस?"
"बसलेय हो मी."
मग बराच वेळ दोघंही गप्प.
तिच्या मागं कुणाचं तरी नाव पुकारत होते,
बंगाली असावं, किंवा कुठलंही,
दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा.
"पळायलाय बघा बिचारा," ती म्हणाली,
"एका हातात बूट."
"पोचला का?"
"थांबा," म्हणाली, "खांब मध्ये आलाय."