साडेतीन तोळे

वेंगुर्ल्यात गुरांचा डॉक्टर आहे, पाखरांचा नाही.
फोनवर म्हणाला, "म्हस असती तर बघूक इलो असतंय."
मग वाटाण्याला बुटाच्या खोक्यात घातलं,
झाकणाला दाभणाने भोकं पाडली
आणि रायकरांच्या पेढीवर नेलं.

वाटी रोज भरलेलीच दिसायची.
काल सहज फुंकर मारली
तर नुसती राळ्याची टरफलं उडाली.
किती दिवस मी टरफलांना दाणे समजत होते,
कोण जाणे.

समोरच्या माडावर कावळा बसला
की अजून पिसं चापून ताठ होतो,
अगदी ठणठणीत.
कावळा गेला की पुन्हा फुगतो,
डोळे अर्धे मिटतो,
आणि दर श्वासाला शेपूट
नांगरलेल्या होडीसारखं वर-खाली.
एका पायावर झोपणारा
आता दोन्ही पायांनी दांडी धरून असतो.
खालच्या पेपराची तारीख वाचता येत नाही,
इतकी पातळ, हिरवी शीट.

रायकरांनी काट्याची काच पुसली.
मंगळसूत्र घेऊन आलेली बाई
न सांगता बाजूला सरकली.
आकडा बराच वेळ ठरेना.
सत्तावीस ग्रॅम.

श्रावणात इथेच, मुलाने गंमत म्हणून तोलला होता,
साडेतीन तोळे भरला होता.
"म्हणजे आठ ग्रॅम घट,"
रायकर सवयीने बोलून गेले
आणि एकदम गप्प झाले.
वजनाची चिठ्ठी दिली, पेढीच्या शिक्क्यासकट.

कुडाळची एसटी पावणेबाराला.
खोका मांडीवर, झाकणावर माझा तळवा.
आत नखं पुठ्ठा खरवडतायत.
खरवडू देत.