मुशीचं काळीज

मुशी चिरली की आधी काळीज बाहेर येतं.
दोन लांब पाकळ्या, फिकट, तेलकट,
हातातून निसटणाऱ्या.
आजा ते उन्हात वितळवून तेल काढायचा,
होडीला फासायचा,
लाकडात पाणी शिरू नये म्हणून.
आठवडाभर आमच्या केसांतून वास जायचा नाही.

आपण म्हणतो काळजाचा ठोका चुकला,
काळजाला घरं पडली,
आणि हात ठेवतो छातीवर, डाव्या अंगाला.
ओरोसच्या डॉक्टरीणबाईंनी लवूचा हात धरून
उजव्या बरगडीखाली नेला.
काळीज हे. इथं.
तीस वर्षं सर्जेकोटच्या बंदरावर मासळी चिरते मी,
मला तरी ठाऊक असायला हवं होतं.

लवू माझ्या पाठचा.
काजूच्या दिवसांत हुर्राक, मग माडी,
मग बांद्याच्या नाक्यावर चुकवून आणलेल्या बाटल्या.
समुद्र बंद असला की दुपारपासून,
उघडला की पहाटेपासून.
"थंडी वाजता गे," म्हणायचा. मे महिन्यात.

डोळे पिवळे झाले तेव्हा गाव म्हणालं, कावीळ.
कुणी पाला सांगितला, कुणी नाकात घालायचा रस.
पिवळे म्हणजे हळदीसारखे नव्हेत,
भिजून भिजून रंग गेलेल्या जुन्या दोरीसारखे.
"माका काय झाला नाय," तो म्हणाला,
आणि पोटावरची लुंगी पुन्हा सैल बांधली.

बाई कागदावर चित्र काढून सांगत होत्या.
आधी चरबी धरतं, फुगतं.
तेव्हा थांबलं तर परत येतं.
मग आत वण पडत जातात, एकाला लागून एक,
आणि ते आकसतं, टणक होतं.
मी विचारलं, मग दुखलं कसं नाही इतकी वर्षं?
काळीज बोलत नाही, म्हणाल्या.
बराचसा भाग गेला तरी उरलेला
सगळ्यांचं काम ओढत राहतो, कुरकुर न करता.
मी वैजयंताकडे पाहिलं नाही.
ती भिंतीवरचं लसीकरणाचं पोस्टर वाचत होती,
किंवा वाचत नव्हती.

पोटात सुई घालून पाणी काढलं,
चार बाटल्या, लिंबाच्या सरबताच्या रंगाचं.
होडी उपसतात तसं.
आठव्या दिवशी परत भरली होडी.
कुठं फट असती तर बुजवली असती.
हे पाणी बाहेरून येत नव्हतं.

हात पुढे करा, त्या म्हणाल्या,
पंजे उभे, एस्टीला थांबवताना करता तसे.
पंजे फडफडले.
टोपलीतली मासळी शेवटी शेवटी करते ना,
तसे.
त्या रात्री त्यानं मला आधी वयनी म्हटलं, मग आई,
मग तांडेल समजून दरडावलं,
"नांगर टाकलंस काय रे?"
टाकलंय, म्हटलं.
मग झोपला.

घरी आणला. मीठ बंद.
खारा बांगडा बंद, सुकं सुंगट बंद, लोणचं बंद.
खारवट वाऱ्यात जन्मलेल्या माणसासमोर
बिनमिठाची पेज.
पहिल्या दिवशी त्यानं वाटी भिरकावली,
दुसऱ्या दिवशी ओठ चाटले,
वाऱ्यानं आणलेलं मीठ असतं तिथं थोडं.

संध्याकाळी बाबल कुंपणापलीकडून हाक मारतो.
वैजयंता कोयती घेऊन
केळीचं पान कापायला बाहेर जाते.
रोज एवढी पानं कशाला लागतात,
कुणी विचारत नाही. बाबलही नाही.

पाच महिने झाले.
सहाव्याचं मी बोलत नाही.
बाई म्हणाल्यात, गेलेलं परत येणार नाही,
उरलेलं राखा.

काल बंदरावर मुशी आली, चांगली हातभर.
चिरली. काळीज आलं.
होड्या आता फायबरच्या, तेल कुणाला नको,
मांजरं वाट बघत होती.
मी ते ओंजळीत धरून बसले जरा वेळ.
केवढं मऊ असतं.
गिऱ्हाईक म्हणालं, गे बाय, तुकडे कर ना लवकर.