सीन एक : बाहेर, दुपार

रात्र आम्ही पहिल्याच बैठकीत खोडली.
रात्र, पाऊस, चकाकता ओला रस्ता, मिणमिणता दिवा.
"हे तर सगळेच करते बे," मिथिला म्हणाली
आणि पोह्यांच्या तर्रीचा डाग पडलेल्या कागदावर लिहिलं :
मे महिना. दोन वाजून दहा. शेचाळीस डिग्री.

नागपुरात दुपार भिववते
हे बाहेरच्या परीक्षकाला पटवावं लागेल.
दारं लावलेली, खिडक्यांना कूलर टेकलेले,
कुत्री नालीत पोट बुडवून.
अख्खी गल्ली घरात असते
आणि गल्लीत कोणी नसतं.
कोणी ओरडलंच, तर घरघरीत
ते टाकीत पडणाऱ्या पाण्याइतकंच ऐकू येईल.

जागा निवडली गोळीबार चौकाच्या मागे.
चौकाचं नाव फुकटात मिळालं,
म्हणून लोचन रामटेकेनं पाटीचा शॉटही लिहिला,
मग स्वतःच काट मारली. फार सोपं होतंय, म्हणाला.

तीन दिवस गेलो.
विजेच्या खांबापासून निळ्या दारापर्यंत चौसष्ट पावलं,
दबकत चाललं तर एक्क्याऐंशी.
दोन-दहाला सज्जाखाली सावली वीतभर,
पावणेतीनला त्यात माणूस मावतो.
डांबर इतकं मऊ की चपलेचा ठसा राहतो,
हे मी दोनदा अधोरेखित केलं.
कूलरचे आवाज तीन जातींचे टिपले :
नवा, जुना, आणि पंप जळालेला, जो नुसताच वारा ओढतो.
कुठेतरी एक यंत्रमाग चालू होता. खटक-खटक-खटक.
तो थांबला तेव्हा आम्ही तिघांनीही
एकदम मान वर केली.
इथे शीर्षक येईल, असं ठरलं.

निवृत्त हवालदार गजभिये काकांना विचारलं,
गुन्हेगार कसा पळतो?
ते शेंगा सोलत होते.
"पळणारा नवशिका असते पोट्टेहो.
पक्का माणूस पाणी मागते.
पत्ता विचारते. कूलर कितीले घेतला म्हणते.
जाताना तुमच्या पोराच्या डोक्यावरून हात फिरवते."
हे सगळं उतरवून घेताना
आमच्या कोणाच्याच लक्षात आलं नाही
की मागच्या तीन दिवसांत
डोक्यावरून हात सोडून
आम्ही एवढंच केलं होतं.

चौथ्या दिवशी पिठाच्या गिरणीतून हाक आली.
वनमाला निनावे. भुवयांवर पीठ, कानामागे पेन्सिल.
बसायला स्टूल नाही दिला.
डब्यांच्या हिशेबाची वही उघडून पुढ्यात ठेवली.
गहू पाच किलो. ज्वारी तीन. बेसन जाड.
आणि खाली, त्याच अक्षरात, त्याच घाईनं :
दोन पोट्टे, एक पोट्टी. गाडी ४४७१.
दोन-दहाले आले. खांबापासून पावलं मोजली.
उंच पोट्ट्यानं खिडक्या मोजल्या. पोट्टी हसली नाही.
आज बी आले.
निळ्या दारापाशी थांबले. निळ्या दारात म्हातारा एकटा रायते.

शेवटची ओळ आम्हाला माहीत नव्हती.
दाराच्या आत कोणी असेल
हेच आमच्या यादीत नव्हतं.

गिरणी बंद होती, पट्टा लोंबत होता,
पिठाचा वास तापून करपल्यासारखा.
मी ओळखपत्र दाखवलं, लोचननं कॉलेजचं पत्र.
तिनं दोन्ही वाचली. पत्राची तारीखही.
मग मिथिला हळूच म्हणाली,
"काकू, हीच आपली पहिली फ्रेम."
पेन्सिल. पीठ लागलेलं बोट. गव्हाचं वजन.
आणि हळूहळू कळत जाणं
की वहीत कोणीतरी आपल्याला लिहून राहिलं.
आम्ही तिघं दिसणारच नाही,
फक्त डांबरावरचे ठसे.

चौसष्ट पावलं फुकट गेली. सावलीचा तक्ताही.
लोचन थोडा खट्टू झाला.

वनमालाबाईंनी सगळं ऐकून घेतलं,
पदरानं मान पुसली, विचारलं,
"यात मले मारता का?"

अजून ठरलं नाही, मिथिला म्हणाली.

बाईंनी तेही लिहून घेतलं.
वेळेसकट.