मान वाळली पाहिजे

सासूबाई कांदा आधी मानेशी दाबतात.
अंगठा आणि तर्जनी, क्षणभर, बस्स.
मान जाड, आत ओल,
तर बाजूच्या टोपलीत: "हा नाताळ बघायचा नाही."
मग तो कितीही देखणा असो.

पेइप्सी सरोवराच्या काठी आमचं गाव.
एकच रस्ता, त्याच्या दोन्ही अंगांना घरं,
घरांमागे गुडघाभर उंच वाफे.
पाणी जमिनीखाली लगेच लागतं,
म्हणून माती वर ओढून घ्यायची, दर वर्षी, फावड्याने.
जूनमध्ये रात्र अशी होतच नाही.
दहा वाजता मी दोरीवरचे कपडे काढते
आणि त्यांची सावली पडलेली असते गवतावर.

खेर्सोनहून आले तेव्हा कोटाच्या अस्तरात
आईने बी शिवून दिलं होतं.
आमचा लाल, चपटा, गोड कांदा,
तिकडे तळहाताएवढा व्हायचा,
मीठ लावून पावाबरोबर नुसता खायचा.
पहिल्याच वर्षी मी त्याच्यासाठी अख्खा वाफा मागितला.
येव्प्राक्सिया सासूबाई काही बोलल्या नाहीत.
दिला.

इथल्या पिवळ्या कांद्याला घाई नसते.
दिवस अठरा तासांचा होईपर्यंत
तो पात वाढवतो, नुसती पात.
माझ्याने मे महिन्यातला उजेड पाहिला
आणि त्याला वाटलं, झाला उन्हाळा भरात.
चार पाती फुटल्या न फुटल्या तोच गड्डा धरला.
जुलैत उपटला:
अक्रोडाएवढा.
मी वाफ्यातच बसून राहिले.
शेजारची लुकेरिया कुंपणावरून म्हणाली,
"मणी छान होतील."

सप्टेंबरभर वेण्या.
वाळल्या पातीत सुतळी गुंफत, मोठे खाली, बारके वर.
मागच्या थंड खोलीत त्या टांगायच्या.
लागवडीच्या कांदुल्या मात्र पोत्यात भरून
चुलीवरच्या माळ्यावर, माणसांपेक्षा उबेत.
त्यांना गारठा लागला तर वसंतात डेंगळेच डेंगळे.
आणि दाराशी डाव्या हाताला शॅलट:
रंग कळकट, आकार वाकडा,
एक पुरला की सात-आठ भावंडं घेऊन वर येतो
आणि पुढच्या मे महिन्यापर्यंत कडक राहतो.
हे वाण सासूबाईंच्या सासूने आणलं.
कुणाकडून, यावर गावात दोन मतं आहेत
आणि एक जुनं भांडण.

माझे अक्रोड मी व्हिनेगरमध्ये घातले.
अकरा बरण्या. कुणी विचारलं नाही.

मार्चमध्ये सरोवर अजून पांढरंच.
सोफ्रोन बर्फाला भोक पाडून दिवसभर बसायचा,
संध्याकाळी चार मासे आणि लाल नाक घेऊन यायचा.
टोपलीतले जाड मानेचे केव्हाच संपले होते,
पिवळ्यांच्या वेण्या खालून टक्कल पडत चाललेल्या.
तेव्हा सासूबाईंनी स्वतःहून बरणी उघडली.
एक कांदा अख्खा तोंडात टाकला,
बराच वेळ चावत राहिल्या.
"गोड आहे," म्हणाल्या. "यंदा अर्धा वाफा घे."

अर्धा.
मी हसले, आणि मग रागही आला.

दुसऱ्या दिवशी शॅलट आणायला गेले
तर थंड खोलीत, खिळ्याला,
एक रफू केलेला मोजा टांगलेला.
आत माझे पाच लाल.
चुलीच्या उबेत नाही, मुद्दाम इथे गारठ्यात,
डेंगळे यावेत म्हणून,
फुलावेत, बी धरावं म्हणून.
किती दिवसांपासून ते मला माहीत नाही.
एकेक काढून मानेशी दाबून पाहिला.
वाळल्या होत्या.